जुन्या सागवानाला तेल-पॉलिश

कोकणातून वा मुंबईहून आणलेला सागवानी पेटारा, कपाट किंवा आरामखुर्ची आपल्यापैकी काही घरांत अजूनही आहे. त्यावरील ऑइलपेंटचे थर खरवडून काढले की मूळचे लाकूड दिसू लागते आणि पुढे काय करावे, असा प्रश्न पडतो.

प्रथम मुलांच्या सुरक्षिततेविषयी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. सांदीकोपऱ्यांत राहिलेला रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते आणि ती मुलांच्या मेंदूच्या वाढीला अत्यंत घातक असते. म्हणून तो भाग ओला करूनच घासावा व धूळ ओल्या फडक्याने टिपावी. लहान मुलांना आणि गर्भवतींना त्या खोलीत येऊ देऊ नये. काम दाराच्या चौकटीचे असेल, तर मेझुझा आधी उतरवून जपून ठेवावा.

लाकूड सावलीत पूर्ण वाळल्यावर प्रथम 120 व नंतर 180 नंबरच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासावे. आडवे घासल्यास पडलेले ओरखडे रंग लावताच उठून दिसतात. मग एका कोपऱ्यावर ओले फडके फिरवावे. त्या वेळी दिसणारी छटा तेल दिल्यानंतरच्या छटेच्या जवळपास असते. सागवानाला बहुधा वेगळ्या रंगाची गरजच भासत नाही. पाईनला मात्र रंग डागाडागांनी चढतो, म्हणून त्याला आधी लाखेच्या पातळ पॉलिशचा एक हात द्यावा. कोणताही रंग प्रथम फळीच्या मागील बाजूस लावून पाहावा.

आता तेलाविषयी. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, तेव्हा तेलातेलांतील भेद आपणांस ठाऊक असावा. खोबरेल लाकडावर कधीच वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल मात्र हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. रंगाच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ जवसाचे तेल त्याहून लवकर वाळते. सागवान आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसावे, म्हणजे वर आलेले त्याचे स्वतःचे तेल निघून जाते. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसावे आणि दिवसभर वाळू द्यावे. असे तीन हात पुरेत.

ज्या गुणामुळे हे तेल उपयोगी, त्याच गुणात धोकाही आहे. ऑक्सिजन शोषताना ते तापते. तेलाची फडकी चुरगाळून ठेवल्यास उष्णता आत कोंडते आणि काडी न ओढताही ती पेट घेतात. शुक्रवारी शब्बाथपूर्वीच्या घाईत अशी फडकी कोपऱ्यात टाकली, तर रात्री सारे झोपेत असताना आग लागू शकते. म्हणून काम संपताच ती उघड्या हवेत एकेक सुटी पसरावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे. एवढे झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

लाखेच्या पॉलिशविषयी पुढील अंकी.