दाखल्यावरची तारीख

आमच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर कुणी चाळायला घेतले, तर त्याची अशी समजूत होईल की ह्या घाटकोपरातली निम्मी माणसे एकाच दिवशी जन्माला आली. पानामागून पान, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. वाचकहो, ह्यात चमत्कार काही नाही. कोकणातून नाहीतर देशावरून आलेला बाप पोराचा हात धरून जूनमध्ये शाळेच्या दारात उभा राही. त्याला तारीख माहीत नसे, आणि रकाना तर रिकामा ठेवून चालत नसे. मग मास्तर पोराच्या दातांकडे बघत, वय अदमासाने ठरवीत आणि १ जून लिहून टाकीत. माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही तीच तारीख आहे. आजी मरेपर्यंत सांगत होती, "अरे, हा भातकापणीच्या दिवसांत झाला. मी शेतातून घरी आले नि हा झाला." पण आजीचे कोण ऐकतो! वडील नोकरीला लागले १ जूनच्या हिशेबाने, आणि निवृत्त झाले असते तेही त्याच हिशेबाने. कारखानाच आधी बंद पडला म्हणून तेवढे राहिले.

फराळाच्या ताटापुढे हे दाखल्याचे पुराण कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण घडले. ह्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका वाचनालयात देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेवर व्याख्यान होते. वक्ते विद्वान, मी आपला मॅट्रिक झालेला मास्तर; चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून विद्वान होत नाही, हे मला ठाऊक आहे. वक्त्यांनी ठासून सांगितले की हिंदी कामगार चळवळीचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० रोजी झाला, आणि त्याआधी जे काही झाले ते अर्ज, विनंत्या आणि भूतदया. श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला मात्र एकदम आजी आठवली.

त्या दिवशी काय झाले ते मी नाकारीत नाही. मुंबईत बोरीबंदराजवळच्या एम्पायर थिएटरात, दिवाळी तोंडावर आलेली असताना, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी लाला लजपतराय. ते त्याच वर्षी अमेरिकेहून परतलेले. उपाध्यक्ष मुंबईचे काका बॅप्टिस्टा, म्हणजे टिळकांचे जोसेफ बॅप्टिस्टा. चिटणीस दिवाण चमनलाल. टिळक ऑगस्टच्या पहिल्याच तारखेला गेले होते, नाहीतर तेही असते. ६४ संघटनांचा पाठिंबा आणि १,४०,८५४ सभासद अशी नोंद आहे. शेवटचे ते चोपन्नसुद्धा मोजलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता हे सगळे त्याच वर्षी का सुचले? महायुद्ध संपल्यावर १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली आणि तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. नियम असा की कामगारांचा प्रतिनिधी त्या त्या देशातल्या प्रमुख कामगार संघटनांशी विचारविनिमय करून पाठवावा. हिंदुस्थानात अशी मध्यवर्ती संघटनाच नव्हती. सरकारने ना. म. जोशी ह्यांना परस्पर नेमले आणि पाठवून दिले. जोशी माणूस सोन्यासारखा. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा, भारत सेवक समाजाचा, सारा जन्म कामगारांसाठी झिजवलेला. त्यांच्या नावाचा रस्ता आज जुन्या डिलाईल रोडवर आहे. भांडण माणसाशी नव्हते, नेमणाऱ्याशी होते. 'आमचा प्रतिनिधी आम्ही पाठवू' असे म्हणायचे तर 'आम्ही' कोण, ते कागदावर दाखवणे भाग होते. थोडक्यात, रकाना रिकामा होता, तो भरायचा होता. परदेशातल्या एका खुर्चीने इथल्या संघटनेची जन्मतारीख ठरवली. ह्यात मला कमीपणा वाटत नाही. शाळेत नाव घालायचे तर तारीख लागतेच. पण मास्तरांनी तारीख लिहिली म्हणून पोर त्या दिवशी जन्मले, असे मानणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. असे मानणारे विद्वान पाहिले.

मग पोर जन्मले केव्हा? त्याच १९२० सालच्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. दीड लाखाच्या घरात माणसे बाहेर होती. म्हणजे ऑक्टोबरात सगळ्या देशातून मोजून जितके सभासद भरले, जवळजवळ तितकी माणसे जानेवारीत एकट्या मुंबईच्या रस्त्यावर उभी होती, आणि त्यांच्यापाशी ना अध्यक्ष, ना पावतीपुस्तक. त्या संपाने कामाचे तास बारावरून दहावर आणले. त्याच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीतही असाच संप झाला होता. मद्रासकर तर म्हणतील की १९१८ च्या एप्रिलात बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन काढली, तीच पहिली. म्हणोत बापडे, त्यांचा मान त्यांना. पण आपण आणखी मागे जाऊ.

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणीकामगारांच्या सभा झाल्या. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात जन्मलेले, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांनी एका निवेदनाला मान्यता दिली. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची एक सुट्टी. दुपारी भाकरी खायला अर्धा तास. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी द्यावी. पगार वेळेवर द्या, हे मागावे लागत होते! पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा भरली. तीत दोन बायका उभ्या राहून बोलल्या. एकशेपस्तीस वर्षांपूर्वी, दहा हजार माणसांसमोर, दोन गिरणीवाल्या बायका. आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली.

ह्या सगळ्याला आमचे वक्ते भूतदया म्हणतात. ते एकटे नाहीत. त्या काळच्या सरकारी अहवालानेही म्हणून ठेवले की लोखंड्यांची संघटना ही संघटनाच नव्हे, कारण तिच्यापाशी सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. घ्या! रविवार मिळाला तो चालतो. मिळवणाऱ्यांचे रजिस्टर कुठे आहे ते दाखवा.

दुसऱ्या बाजूचेही थोडे खरे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. लोखंडे स्वतः मागावर उभे राहणारे नव्हते. ते गिरणीत स्टोअरकीपर होते, आणि सरकारने त्यांना रावबहादूर केले होते. १८९७ च्या प्लेगात ते गेले आणि त्यांच्यामागे संघटना टिकली नाही. वही नसली की असे होते. म्हणून वही नको असे मी म्हणत नाही. वहीवरच ज्याचे पोट चालते तो मास्तर असे कसा म्हणेल? १९२४ च्या आरंभी ह्याच मुंबईत दीड लाख गिरणीकामगार बोनससाठी संपावर गेले आणि हात हलवीत परतले, कारण सरकारी समितीने निवाडा दिला की बोनसवर त्यांचा कायदेशीर हक्कच नाही. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडले, आणि त्यामागे संघटनांची चार दशकांची चिकाटी आहे. आमच्या घरात दिवाळीला रव्याचे लाडू झाले ते त्या बोनसावर. माझी तक्रार वहीबद्दल नाही. वहीत ज्याचे नाव नाही तो कामगारच नव्हे, ह्या समजुतीबद्दल आहे.

ही समजूत मध्यवर्ती संघटनेच्या जन्मापासूनच तिच्या अंगात भिनली. पुढचा इतिहास पाहा. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालावा की नाही ह्यावरून फूट पडली आणि खुद्द ना. म. जोशी बाहेर पडले. १९३१ ला कलकत्त्यात आणखी एक फूट. मग १९४७ ला इंटक, १९४८ ला हिंद मजदूर सभा, १९५५ ला भारतीय मजदूर संघ, १९७० ला सिटू. प्रत्येकीचा स्वतंत्र दाखला, स्वतंत्र तारीख, आणि प्रत्येकीचे म्हणणे की खरा कामगार आमच्या रजिस्टरात. तत्त्वाची भांडणे होती हे मान्य. पण त्या भांडणात रजिस्टराबाहेरच्या माणसाची आठवण कुणाला झाली, हे शोधून सापडत नाही.

आमच्या घाटकोपरालाच ह्याचा दाखला आहे. इथे दवाखाना चालवणारा एक डॉक्टर दगडखाणीतल्या मजुरांच्या जखमा बांधता बांधता त्यांचा पुढारी झाला. दत्ता सामंत त्याचे नाव. डोंगरातल्या खाणीत सुरुंगाने दगड फोडणाऱ्या त्या माणसांचे नाव कोणत्या मध्यवर्ती वहीत होते? पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणीकामगार ह्याच डॉक्टराच्या मागे संपावर गेले. कायद्याने, म्हणजे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, त्यांची मान्यताप्राप्त संघटना दुसरीच होती, इंटकशी जोडलेली. वही एकीकडे आणि माणसे दुसरीकडे! सामंतांच्या चुका मी जाणतो. तो संप इतका ताणायला नको होता असे मानणारांपैकी मी आहे. पण अडीच लाख माणसे मान्यताप्राप्त वही सोडून का गेली, हा प्रश्न वही सांभाळणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा होता. त्यांनी कायद्याचे कलम वाचून दाखवले.

आता घरचे सांगतो. माझे वडील आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या खिशात युनियनची पावती असे आणि ती ते देवाच्या अंगाऱ्यासारखी जपत. आई घरात बसून शर्टांना काजे-बटणे लावी. शेकड्यावर पैसे. दुकानदाराचा माणूस गठ्ठा टाकून जाई, आठ दिवसांनी उचलून नेई, आणि एखादे बटण सैल निघाले तर पैसे कापी. कारखाना बंद पडला तेव्हा सहा वर्षे आमच्या घरात जे शिजले ते त्या बटणांवर शिजले. त्या दिवसांत युनियनने एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात कुटुंबातल्या माणसांचे व्यवसाय लिहायचे होते. वडिलांनी मलाच भरायला सांगितला. माझे अक्षर बरे. आईच्या नावापुढे मी विचारले, "बाबा, काय लिहू?" ते म्हणाले, "काही नाही लिहायचे. घरकाम." आई त्या वेळी दिव्याखाली सुईत दोरा ओवीत होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. वडील वाईट नव्हते, वाचकहो. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. तीस वर्षे युनियनने त्यांना तेच शिकवले होते.

आज त्या आग्रा रोडवर भोंगे नाहीत. चिमण्यांच्या जागी मनोरे आणि बाजारांचे काचेचे महाल आहेत. त्यांत झाडू मारणारी, पहारा करणारी, सामान पोचवणारी माणसे कारखान्यात होती त्यांहून कमी नसतील. पण ती ठेकेदाराची. आणि २०२० साली संसदेने संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता म्हणते की मालकाशी एकट्याने बोलणी करायची तर संघटनेपाशी हजेरीपटावरचे एकावन्न टक्के कामगार हवेत. हजेरीपटावरचे! पुन्हा आपली तीच वही, आणि ह्या खेपेला ती मालकाच्या हातात.

हे बदलता येत नाही असे मला कुणी सांगू नये. मुंबईच्या बंदरात नि बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला कोण मालक होता? रोज नवा. तरी अण्णासाहेब पाटलांनी चळवळ केली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळाकडे नोंद, मंडळाकडून पगार, वर प्रॉव्हिडंट फंड. हजेरीपट नव्हता तर दुसरा तयार केला. पन्नास वर्षांपूर्वी जे हमालासाठी जमले ते आज मुलुंडच्या चार घरी भांडी घासणाऱ्या बाईसाठी का जमू नये? २००८ साली घरेलू कामगारांच्या मंडळाचा कायदा झाला, तो कागदावर आहे. माथाडीसारखा हाडामासाचा झाला नाही. कारण त्या बायकांच्या मागे बळ उभे करायला आमच्या मध्यवर्ती संघटनांना सवड नव्हती. त्या जयंत्या साजऱ्या करीत होत्या.

व्याख्यान संपल्यावर मी उठून विचारले, "महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोन बायकांची नावे काय होती?" वक्त्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, "त्यांची नावे नोंदलेली नाहीत." एवढ्यात कार्यवाहांनी आभार मानायला घेतले आणि चहा आला.

येत्या ३१ ऑक्टोबरला हार घेऊन निघणाऱ्या सगळ्या संघटनांच्या पुढाऱ्यांना माझी विनंती आहे. हार जरूर घालावेत, लालाजींना आणि जोश्यांनाही. पण त्या दिवशी सकाळी आठ वाजता आधी आमच्याकडच्या मजूर-नाक्यावर यावे. थापी आणि घमेली पायाशी ठेवून बायका-पुरुष तिथे कामाची वाट पाहत उभे असतात. साडेनऊपर्यंत कुणी नेले नाही तर घरी परततात. त्यांची नावे विचारावीत आणि लिहून घ्यावीत. जन्मतारीख ठाऊक नसेल तर तो रकाना कोरा ठेवला तरी चालेल.