ईस्टरचा सदरा व जूनचा गणवेश

ईस्टरचा सण जवळ येऊं लागला म्हणजे ख्रिस्ती घरांत दोन तयाऱ्या एकाच वेळीं सुरू होतात. एक उपासनेची व दुसरी कपड्यांची. पहिलीविषयीं आमचे पाळक व वडीलधारीं माणसें दरवर्षीं बोध करतात, व तो आपण ऐकतोंहि. दुसरीविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं, आणि पैसा खर्च होतो तो बहुतेक दुसरीवरच. तेव्हां विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं ह्या कपड्यांच्या प्रश्नाकडे थोडा वेळ लक्ष द्यावें, अशी विनंती आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, ईस्टरला नवें वस्त्र अवश्य घ्यावें. परंतु तें असें घ्यावें कीं, जूनमध्यें शाळा उघडल्यावर त्याच वस्त्रानें गणवेशाचें काम करावें. हें वाचून मुलें नाक मुरडतील हें मी जाणून आहें. त्यांनीं शेवटपर्यंत वाचावें व मग मुरडावें.

नव्या वस्त्राची ही चाल मुळांत फॅशनची नव्हे. ख्रिस्ती मंडळीच्या प्रारंभींच्या शतकांत बाप्तिस्मा देण्याचा मुख्य समय म्हणजे ईस्टरची रात्र. त्या रात्रीं बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पांढरें वस्त्र देत, व तें ते पुढील आठवडाभर अंगावर ठेवीत. आठवड्यानें तें उतरवीत. म्हणून ईस्टरनंतरच्या रविवाराचें लॅटिन नांवहि त्या शुभ्र वस्त्रांवरूनच पडलें. धन्याला एक रंग व दासाला दुसरा, असा भेद त्यांत नव्हता. आज आपण नव्या कपड्यांत उपासनेस जातों ही त्या चालीची लांबची आठवण आहे, असें मला वाटतें.

मिरविण्याची हौस हिच्यांत मागाहून शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत न्यूयॉर्क शहरांतील फिफ्थ ॲव्हेन्यू ह्या रस्त्यावर ईस्टरच्या दिवशीं उपासना आटोपून बाहेर पडलेलीं श्रीमंत कुटुंबें नवे पोशाख व फुलांच्या टोप्या घालून चालूं लागलीं, आणि तीं पाहण्यास गर्दी जमूं लागली. तेथील दुकानदारांनीं ह्याचा लाभ उठविला नसता तरच नवल! पण त्या लोकांची निदान एक अडचण खरी होती. तिकडे चार महिने लोंकरीच्या कपड्यांत गुरफटून काढलेले. बर्फ वितळून ऊन पडलें म्हणजे हलकें वस्त्र घ्यावेंच लागे. आमच्याकडे वसंत म्हणजे पळस फुललेला, आंब्याला कैऱ्या लागलेल्या, आणि अहिल्यानगर, सोलापूर ह्या बाजूस पारा चाळीस अंशांच्या आसपास चढलेला. अशा दिवसांत नायलॉनच्या जाळीचे, आंतून अस्तर लावलेले, बर्फाच्या देशांतील चित्रांवरून बेतलेले झगे आपण लहान मुलींच्या अंगांत घालतों. पहांटेची उपासना संपतां संपतां त्या पोरी मान खाजवूं लागतात, व दुपारपर्यंत पाठीवर घामोळें उठतें. सायंकाळीं झगा पेटींत जातो. पुढच्या वर्षीं तो काढून पाहावा तों अंगांत शिरत नाहीं. एका सकाळीसाठीं घेतलेला इतका महाग कपडा दुसरा कोणता असेल?

परंतु खरें दुःख घामोळ्याचें नव्हे. आमच्या मंडळ्यांतून अशीं घरें आहेत कीं, नवा कपडा झाला नाहीं म्हणून मूल ईस्टरच्या उपासनेस येत नाहीं. आई सांगते, त्याला बरें नाहीं. सर्व जण तें ऐकतात व कोणी अधिक विचारीत नाहीं. तें मूल घरीं बसतें तें जुन्या सदऱ्याच्या लाजेनें; आणि ती लाज त्याला आपण शिकविलेली असते. आपल्या मुलाच्या अंगावरील कपड्याची किंमत जो बाप देवळाच्या आवारांत उभा राहून मोठ्यानें सांगतो, तो ह्या शिक्षणाचा एक शिक्षक होय. सोन्याच्या अंगठीचा मनुष्य व मळक्या वस्त्रांतला दरिद्री सभेंत आले असतां कोणास कोठें बसवितात, हा प्रश्न याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत विचारला आहे. आम्ही त्याच्याहि पुढें गेलों आहोंत. आमच्याकडील दरिद्री घरींच राहतो, म्हणजे त्याला कोठें बसवावें हा प्रश्नच उरत नाहीं.

दुसरीं घरें अशीं कीं, तीं मुलाला घरीं ठेवीत नाहींत, तर कर्ज करतात. ‘ऋण काढून सण’ हे शब्द आपल्या भाषेंत उगाच रूढ झालेले नाहींत. हल्लीं तर ऋण काढण्यास सावकाराच्या ओट्यावर जावें लागत नाहीं; मोबाइलवर बोट टेकलें कीं कपडा दारांत येतो व पैसे हप्त्याहप्त्यानें द्यावयाचे राहतात. ईस्टर एप्रिलमध्यें झाला तर त्याचे हप्ते मे व जूनमध्यें डोकें वर काढतात. जूनच्या मध्यास शाळा उघडते. फी, वह्या, पुस्तकें, छत्री, बूट आणि गणवेश हें सर्व एकदम उभें राहतें. ईस्टरच्या झग्याचे पैसे तेव्हां वह्यांच्या पैशांतून जातात. शाळेंत शिकविणाऱ्यास हें जुलैमध्यें स्पष्ट दिसतें. जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर नवें गणित लिहिणारा विद्यार्थी तो शोधण्यास जात नाहीं, तो समोरच बसलेला असतो.

म्हणून माझी सूचना अशी : ज्या शाळेचा गणवेश पांढऱ्या सदऱ्याचा आहे, आणि अशा शाळा आपल्या प्रांतीं पुष्कळ आहेत, तेथील मुलामुलींस ईस्टरला चांगल्या सुती कापडाचा पांढरा सदराच करावा. सणाला शाळेचा सदरा घालावयाचा काय, असें मुलें विचारतील. तसें नव्हे, सणाचा सदरा मागाहून शाळेला न्यावयाचा आहे. प्रथम तो उपासनेस जाईल, मग कोणाच्या लग्नास, आणि जूनमध्यें त्याच्या खिशावर शाळेचें चिन्ह शिवलें म्हणजे वर्गांत. गणवेश रंगीत असेल तेथें ही युक्ति चालणार नाहीं. तेथें मुलीस सुती छिटाचा झगा किंवा सलवार-कमीज, व मुलास नेहमीं वापरतां येईल असा साधा सदरा, एवढें पाहावें. पांढरें लवकर मळतें हा आक्षेप खरा आहे. पण पांढरें कापड उकळत्या पाण्यांत घालतां येतें, त्याला नीळ देतां येते, आणि त्याचा रंग जात नाहीं, कारण जावयास रंगच नसतो.

आतां हें कापड केव्हां घ्यावें? ईस्टरची तारीख चंद्रावर चालते. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा नियम असल्यामुळें ईस्टर २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोठेंहि पडतो. म्हणजे आमच्या पंचांगाप्रमाणें कधीं होळीच्या पौर्णिमेमागून, तर कधीं चैत्री पौर्णिमेमागून. २०२४ सालीं होळी होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोंच ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ सालीं तो २० एप्रिलपर्यंत लांबला. २०२७ सालीं २८ मार्चला आहे. ह्याच दिवसांत इतरांचेहि सण असतात. २०२५ सालचेंच पाहा : ३० मार्चला गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती व २० ला ईस्टर. तीन आठवड्यांत चार सण, आणि वर लग्नसराई! अशा वेळीं अहिल्यानगरच्या कापड बाजारांत, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईच्या मंगळदास मार्केटांत उभें राहण्यास जागा मिळत नाहीं, व दुकानदारास भाव कमी करण्याचें कांहीं कारणहि उरत नाहीं. शिंप्याची तऱ्हा तीच. झावळ्यांच्या रविवारीं कापड घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकास तो ‘शनिवारीं या’ असें सांगतो, आणि शनिवारीं काजें व्हावयाचीं असतात. कापड कांहीं भाजीपाला नव्हे. तें जानेवारींत घेऊन ठेवलें तरी नासत नाहीं. उपवासकाळ लागण्यापूर्वीं कापड शिंप्याकडे पोंचलें असावें, हा नियम जो पाळील त्याचे पैसेहि वांचतील व शनिवारची चक्करहि.

घेतांना काय पाहावें हें मुलांनीं शिकून ठेवण्याजोगें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. बहुतेक लोक मीटरचा भाव विचारतात व पन्हा विचारीत नाहींत. समजा, छत्तीस इंची पन्ह्याचें कापड मीटरला १२० रुपये व अठ्ठावन इंची १६० रुपये आहे. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यास पहिलें सव्वादोन मीटर लागतें, तर दुसरें १.६० मीटर पुरतें. पहिल्याचे २७० रुपये झाले व दुसऱ्याचे २५६. महाग दिसणारें कापड स्वस्त पडलें! सहावी-सातवींतील कोणत्याहि विद्यार्थ्यास हें गणित दुकानांत उभ्याउभ्या करतां आलें पाहिजे, व आईबापांनीं तें त्याच्याकडून करवून घ्यावें.

दुसरें, खळ. हलक्या कापडाला भरपूर खळ देऊन तें कडक व दाट भासवितात. कापडाचा कोपरा दोन्ही हातांनीं चोळावा. पांढरी पूड झडली व कापड लुळें पडून विरळ दिसूं लागलें, तर आपण कापडाबरोबर पिठाचेहि पैसे देत आहोंत असें समजावें. तिसरें, सूत. विकणारा ‘शुद्ध सुती’ म्हणतो तें खरें किंवा कसें हें पाहण्यास कडेचा एक धागा घरीं चिमट्यांत धरून वडील माणसाच्या देखत पेटवावा. सूत असेल तर जळालेल्या कागदासारखा वास येतो व मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. राख व गुठळी दोन्ही सांपडलीं तर मिश्रण आहे. मिश्र कापड टिकाऊ असतें व त्याला इस्त्री कमी लागते हें मी नाकारीत नाहीं. परंतु एप्रिलच्या उन्हांत घाम टिपण्याचें काम सुतासारखें त्याच्यानें होत नाहीं.

चौथी गोष्ट पाण्याची. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, व बहुधा रुंदीपेक्षां लांबींत अधिक आटतें. तें आधींच आटवून देण्याची सॅनफोराइझ नांवाची रीत अमेरिकेंत सॅनफर्ड क्लुएट ह्यानें १९३० सालीं काढली. ज्या कापडावर तशी क्रिया झालेली नाहीं, तें शिंप्याकडे देण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजवून, न पिळतां सावलींत वाळवावें. एवढा एक दिवसाचा आळस केल्यामुळें कित्येक सदऱ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत न पोंचतां मध्येंच थांबलेल्या दिसतात.

आणि पांचवी गोष्ट माया. शिवणींत दुमडून ठेवलेल्या जादा कापडास आमचे शिंपी ‘माया’ म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला तो मोठा जाणता असला पाहिजे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वर्षभरांत केवढा वाढेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. बगलेंत व दोन्ही अंगांस एकेक इंच, आणि खालच्या दुमडींत दोन बोटें माया ठेवण्यास शिंप्यास स्पष्ट सांगावें; न सांगितल्यास तो ती कापून टाकतो. अशी माया असलेला सदरा उसवून वाढवितां येतो. तयार कपड्यांत ती जवळजवळ नसतेच.

तयार कपडे मुळींच घेऊं नयेत असें मात्र मी म्हणत नाहीं. अगदीं लहान मुलांचे कपडे तयार घेणेंच पुष्कळदां स्वस्त पडतें, कारण कापड कमी लागलें म्हणून शिलाई त्या मानानें कमी होत नाहीं. ते घेतांना पावती मागावी. वस्तु व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला आहे. त्यापूर्वीं एक हजार रुपयांवरील नगास १२ टक्के कर पडे; त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या नगासहि ५ टक्केच झाला. पंधराशें रुपयांच्या पोशाखावर जेथें १८० रुपये द्यावे लागत, तेथें ७५ झाले. राहिलेल्या १०५ रुपयांत वह्या येतात.

विद्यार्थ्यांनो, एक गोष्ट तुमच्याकडे मागावयाची आहे. यादी करतांना घरांतील प्रत्येकाचें नांव लिहा, व सर्वांत वर आईचें लिहा. बहुतेक घरांत तिचें नांव शेवटीं असतें, आणि तेथवर पोंचण्यापूर्वींच पैसे संपतात. पालकांसहि माझें सांगणें आहे कीं, किती रुपये आहेत हा आंकडा मुलांपासून लपवूं नका. दहा वर्षांच्या मुलास आंकडा सांगितला तर तें हट्ट करीत नाहीं, हिशेब करतें. कांहीं मुलें तर आश्चर्य वाटावें इतका कठोर हिशेब करतात! आणि एखाद्या वर्षीं यादींतील कोणासच नवें घेतां आलें नाहीं, तर धुतलेला, नीळ दिलेला व इस्त्री केलेला जुना सदरा घालून सर्वांनीं मिळून उपासनेस यावें. पुढल्या बांकावर बसावें.

शिवलेले कपडे शिंप्याकडून आणतांना कापडाचे उरलेले तुकडे मागून घ्यावयास विसरूं नये. ते आपलेच असतात. पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणाच्या तारेला सदरा अडकून फाटला म्हणजे त्याच पोताचें व त्याच पांढऱ्या रंगाचें ठिगळ कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहीं.