चिकूची सुकवण : आधी तिथी, मग यंत्र

परसातील चिकूचे झाड एकदा लागले की घराला उसंत मिळत नाही. आज पाटीभर फळ पिकते, दोन दिवसांनी पुन्हा तेवढेच. नातलग, शेजारी आणि दुकानातील माणसे यांना वाटूनही काही फळे उरतात, सडतात आणि त्यांत किडे होतात. मग घरातील तरुण मंडळी फळे सुकविण्याचे यंत्र, म्हणजे डिहायड्रेटर, घेण्याची गोष्ट काढतात.

अशाच एका घरी नातवाने दहा जाळ्यांचे मोठे यंत्र घेण्याचे ठरविले. आजींनी एवढेच विचारले, “बाळा, एवढा सुकामेवा संपवायचा कधी? चौमासी लागली की बरणीला कोण हात लावणार?” नातू पेढीवर बसणारा, खप न पाहता माल भरू नये हे त्याला ठाऊक होते. त्याने हिशेब मांडला आणि चार जाळ्यांचे यंत्र पुरेल असे त्याच्या ध्यानी आले.

सुक्या मेव्याच्या त्यागाची मर्यादा सर्वत्र एक नाही. काही घरांत ती फाल्गुन चौमासीपासून पाळतात, काही घरांत आषाढ चौमासीपासून. आपल्या आम्नायाप्रमाणे ती तिथी वडीलधाऱ्यांना किंवा गुरुमहाराजांना विचारून घ्यावी आणि तोपर्यंत जेवढे संपेल तेवढेच सुकवावे. जास्तीचे ताजे फळ वाटून टाकणे हेच श्रेयस्कर.

या मर्यादेमागील कारण सुकवणीच्या कामातही दिसते. पावसाळी हवेत ओलावा फार असतो. सुके फळ तो ओढून घेते, मग त्यावर बुरशी धरते आणि जीवोत्पत्ती होते. म्हणून फळ आतपर्यंत सुकणे महत्त्वाचे. फळ सुकते ते मुख्यतः वाहत्या कोरड्या हवेने; उष्णता केवळ साहाय्य करते. घाईने आच वाढविली तर फोडीची बाहेरील साल कडक होते, आतील पाणी अडकते आणि वरून सुकी दिसणारी फोड बरणीत बिघडते. फळांसाठी ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता पुरेशी असते.

यंत्र घेताना उष्णता कमी-जास्त करण्याची सोय आहे ना, जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत ना आणि पंखा पाठीमागे आहे ना, हे पाहावे. पाठीमागच्या पंख्याने सर्व जाळ्यांवर हवा सारखी फिरते. पंखा तळाशी असेल तर जाळ्या मधून मधून वरखाली कराव्या लागतात. ५०० वॅटचे यंत्र १० तास चालले तर फार तर ५ युनिट वीज लागते. दुसऱ्याने वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते. परंतु त्यात पूर्वी काय सुकविले असेल याची खात्री नसते, म्हणून ते टाळावे.

ज्यांना थोडेच सुकवायचे आहे त्यांनी सुताराकडून उन्हाची पेटी करून घ्यावी. लाकडी पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, वर दक्षिणेकडे उतरती काच. खालच्या बाजूस हवा आत येण्यासाठी आणि मागे उंचावर ती बाहेर जाण्यासाठी भोके ठेवावीत. दोन्हींवर बारीक जाळी घट्ट बसवावी, म्हणजे माशी-मुंगी आत जाऊन मरणार नाही. फळ ठेवण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको. फळातील आम्लाने जस्त उतरते. उघड्या गच्चीवर फळे पसरण्यापेक्षा या पेटीत जीवदयाही अधिक आणि स्वच्छताही.

पिकलेला पण घट्ट चिकू सोलावा, प्रत्येक फळ उघडून नीट पाहावे, बिया काढाव्यात आणि अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात. यंत्रात त्यांना साधारण ८ ते १२ तास लागतात. सकाळी लवकर यंत्र लावावे. काम अपुरे राहिले तर दुसऱ्या दिवशी पुढे चालवावे. पेटीत दोन-तीन दिवस लागतात; सूर्यास्तापूर्वी फोडी काढून झाकून ठेवाव्यात.

फळ सुकले की नाही हे तराजू सांगतो. चिकूत सुमारे पाऊण भाग पाणी असते. म्हणून १ किलो फोडींचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास आले की समजावे झाले. मग फोडी थंड करून काचेच्या बरणीत सैल भराव्यात आणि आठवडाभर रोज बरणी हलवून पाहावी. काचेवर आतून दव दिसले तर फोडी त्याच दिवशी पुन्हा सुकवाव्यात.

शेवटी झाकणावर दोन तारखा लिहाव्यात : बरणी भरल्याची आणि संपविण्याची. दुसरी तारीख आजींना विचारून लिहावी.