छत्तीसचा आकडा

फिल्म कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या माझ्या पिढीत सध्या एक समज पक्का झालाय. डोंगरात जायचं तर मीडियम फॉरमॅटच न्यायचा. १२०चा रोल, ६×६ची चौकोनी फ्रेम, मोजून बारा फोटो. ३५ एमएम म्हणजे नवशिक्यांचं काम. हा समज साफ चुकीचा आहे. मी तो पाळून पस्तावलोय, म्हणून जरा तावातावानं लिहितोय.

आधी त्यातलं खरं तेवढं मान्य करू. ३५ एमएमची फ्रेम २४×३६ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ६×६ची फ्रेम प्रत्यक्षात साधारण ५६×५६, म्हणजे ३,१३६. साडेतीन पटींहून जास्त. ग्रेन कमी दिसतो, तपशील जास्त मिळतो, भिंतीएवढी प्रिंट काढली तर फरक लगेच कळतो. पण भिंतीएवढी प्रिंट आपल्यातलं काढतं कोण? आपले फोटो शेवटी तळहातावरच्या स्क्रीनवर बघितले जातात. तिथं या मोठ्या निगेटिव्हचा उपयोग कॅप्शनमध्ये कॅमेऱ्याचं नाव मिरवण्यापुरताच.

आता डोंगराचा हिशेब. मामिया आरबी ६७ लेन्ससकट अडीच किलोच्या वर जातो. निकॉन एफएम२ची बॉडी ५४० ग्रॅम. चढावर दुसऱ्या दिवशी जड कॅमेरा गळ्यातून बॅगेत जातो, आणि बॅगेतल्या कॅमेऱ्यानं फोटो निघत नाहीत. १२०चा रोल म्हणजे कागदात गुंडाळलेली उघडी फिल्म. वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी बदलताना गुंडाळी जरा सैल झाली की कडेनं प्रकाश शिरतो. आणि ही कसरत दर बारा फोटोंनी. ३५चा रोल डबीत बंद असतो. एकदा भरला की छत्तीस फोटो निवांत. दोन्ही रोलची किंमत साधारण सारखीच धरली, तर १२०चा एक फोटो तिप्पट महाग पडतो.

इथं हमखास उत्तर येतं: ‘बारा फ्रेममुळे शिस्त लागते.’ या शिस्तीनं माझं काय केलं ते सांगतो.

आमचं घर वाशिम जिल्ह्यातलं, शेती सोयाबीनची. एका मे अखेरीस, पेरणीच्या आधी, बाबांना घेऊन उत्तराखंडात रुद्रनाथला गेलो. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच बर्फाचे डोंगर बघितले. माझ्या गळ्यात यशिका मॅट, बॅगेत १२०चे दोन रोल. म्हणजे सगळे मिळून चोवीस फोटो. फोनची बॅटरी थंडीनं वाटेतच मान टाकली. सगर गावापासूनचा चढ संपून पनार बुग्यालवर पोचलो, तेव्हा बाबा खाली वाकले, चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळून बघू लागले. घरी धुऱ्यावर उभे राहून बघतात तसंच. मागं सगळं हिरवं उतरण. रोलमध्ये दोन फ्रेम उरल्या होत्या. त्या मी संध्याकाळच्या शिखरांसाठी राखून ठेवल्या. संध्याकाळी ढग आले. दोन्ही फ्रेम ढगांवर गेल्या.

घरी आल्यावर स्कॅन दाखवले. बाबांनी चोवीसही फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, “काऊन रे, माहा एकही नाई निंगाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याला मी शिस्त म्हणत होतो तो निव्वळ कंजूषपणा होता. फ्रेम मोजक्या असल्या की आपण त्या ‘भारी’ दृश्यासाठी जपतो, आणि सोबतचं माणूस आपल्याला कधीच तेवढं भारी वाटत नाही.

२९ मे १९५३ला एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरीनं तेनसिंगचा फोटो काढला. कॅमेरा होता कोडॅक रेटिना, ३५ एमएमचा, घडी होऊन मिटणारा. थंडी लागू नये म्हणून त्यानं तो कपड्यांच्या आत ठेवला होता. जगातल्या सर्वांत उंच जागेवरचा तो फोटो आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि त्यात सोबतचा माणूस आहे. निगेटिव्ह लहान पडली अशी तक्रार कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गाडी थेट व्ह्यू पॉइंटपर्यंत जात असेल, ट्रायपॉड आणि सवड असेल, तर खुशाल १२० न्या. बहात्तर फोटोंचा हाफ फ्रेमही वाईट नाही, फक्त निगेटिव्ह निम्मी होते आणि रोल संपता संपत नाही. पण पाठीवर ओझं घेऊन, दुकान आणि वीज नसलेल्या डोंगरात चालत जाणार असाल तर बॅटरीवाचून शटर चालेल असा मेकॅनिकल ३५चा कॅमेरा, एक ५०ची लेन्स आणि तीन रोल. विमानतळावर रोल हातानं तपासायची विनंती करा, नव्या सीटी स्कॅनरमध्ये फिल्म खराब होते. बास.

एकशे आठ फोटो होतात. त्यातले शंभर डोंगराला द्या. उरलेले आठ कोणाचे, हे मात्र निघण्याआधीच ठरवा. मी ठरवलंय. पुढच्या पेरणीआधी बाबांना परत तिकडंच न्यायचंय.