पॉली फार्मरच्या आठवणींचा हिशेब

पर्थ शहराच्या नॉर्थब्रिज वस्तीखालून सुमारे दीड किलोमीटर लांबीचा एक बोगदा जातो. हा बोगदा ज्या द्रुतगती मार्गाचा भाग आहे, तो २००० साली खुला झाला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्याला ग्रॅहॅम फार्मर याचे नाव दिले. लोकांनी मात्र बोगद्याचे ‘पॉली पाइप’ असे परस्पर बारसे करून टाकले. सरकारी पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे, हा अनुभव मुंबई-पुण्याच्या रहिवाशांना नवा नाही. पर्थमध्ये दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, एवढाच फरक. लहानपणी पोपटासारखी अखंड बडबड करणाऱ्या एका मुलाला सवंगड्यांनी ‘पॉली’ म्हणून हाक मारली आणि त्या खंडाच्या फुटबॉलशौकिनांनी ती साठ वर्षे जपून ठेवली.

ज्या खेळामुळे हे प्रेम जडले, तो महाराष्ट्रात जवळजवळ अपरिचित आहे. मेलबर्नचे प्रचंड क्रीडांगण येथल्या वाचकाला क्रिकेटमुळे ठाऊक असते. तेथल्या माणसाला ते हिवाळ्यातल्या फुटबॉलचेही घर वाटते. या खेळाचा उगमही क्रिकेटमध्येच आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली एखाद्या सांघिक खेळाची सूचना केली आणि पुढल्याच वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने मारावा, हाताने पकडावा. परंतु फेकू नये. हाताने द्यायचाच असेल तर एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यावा. शिरस्त्राण नाही, अंगावर चिलखत नाही, आणि टक्कर तर पदोपदी.

मुठीने चेंडू देण्याची ही युक्ती फार्मरपूर्वी अडचणीत सापडलेल्या खेळाडूचा शेवटचा उपाय समजली जाई. फार्मरने तिचे आक्रमणाचे शस्त्र केले. मोटारींच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या उघड्या खिडक्यांतून तो चेंडू आरपार धाडण्याचा सराव करीत असे, ही कथा त्याचे चाहते आजही रंगवून सांगतात. पंचाने चेंडू वर उडवला की तो झेपावण्यासाठी दोन उंच गडी एकमेकांवर उसळतात; फार्मर प्रतिस्पर्ध्याच्या क्षणभर आधी उडी घेई आणि चेंडू नेमका बिली गॉगिन या चपळ सहकाऱ्याच्या वाटेत सोडी. उंच, धिप्पाड गड्याने केवळ चेंडू ढकलून द्यावा ही जुनी समजूत त्याने मोडीत काढली. तीही कशी? बालपणीच्या पोलिओने एक पाय किंचित आखूड राहिला असताना!

१९६३ साली जिलाँगच्या संघाने लाखावर प्रेक्षकांसमोर अंतिम सामन्यात हॉथॉर्नचा ४९ गुणांनी पराभव केला. त्या विजयाचा शिल्पकार फार्मर होता, याविषयी तेथे दुमत नाही. त्यानंतर जिलाँगला पुढचे विजेतेपद मिळण्यास २००७ साल उजाडावे लागले. मधल्या ४४ वर्षांत त्या गावात दोन पिढ्या वाढल्या. मधल्या काळात पाच अंतिम सामने गमावण्याचे दुःख ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी वडिलांकडून ऐकलेली फार्मरची उडी हीच आपली मिळकत मानली. पर्थमध्ये तर त्याने ईस्ट पर्थ व वेस्ट पर्थ या हाडवैरी क्लबांना आळीपाळीने विजेतेपदे मिळवून दिली, आणि तरीही दोन्हीकडे तो आपलाच राहिला. अशी क्षमा क्लबनिष्ठ लोक सहसा करीत नसतात.

या मायेला आणखी एक बाजू आहे. फार्मर नुंगर या आदिवासी वंशाचा होता. मिश्र वंशाच्या आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या ‘सिस्टर केट्स’ या आश्रमात तो वाढला. पर्थच्या मध्यभागात परवान्यावाचून येण्यास आदिवासींना १९२७ पासून बंदी होती. ती १९५४ साली उठली. फार्मर ईस्ट पर्थकडून खेळू लागला तो १९५३ साली. टाळ्या आधी मिळाल्या आणि वाट नंतर मोकळी झाली.

परंतु चाहत्यांच्या स्मरणात हा पराक्रम जसजसा घट्ट होत गेला, तसतसा तो खुद्द फार्मरच्या मनातून निसटत गेला. अखेरच्या वर्षांत त्याला अल्झायमरने ग्रासले. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, तो निवर्तला. कुटुंबीयांनी त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला आणि २०२० च्या प्रारंभी निष्कर्ष जाहीर झाला: डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांशी निगडित असलेला, ‘सीटीई’ या नावाने ओळखला जाणारा ऱ्हास त्या मेंदूत आढळला होता. हा विकार मृत्यूनंतरच निश्चित करता येतो. या खेळातल्या कोणाही खेळाडूच्या बाबतीत असे निदान प्रथमच होत होते. कोणत्या सामन्यातल्या कोणत्या धक्क्याने काय हानी केली, हे वैद्यक सांगू शकत नाही. पण ३५६ सामने खेळलेल्या माणसाच्या बाबतीत धक्क्यांचा तुटवडा नव्हता. त्याच वर्षी रिचमंडचा शेन टक वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूतही हाच विकार सापडला, आणि तोही तीव्र.

इतके कळल्यावर जुन्या चाहत्यांच्या एका लाडक्या तक्रारीकडे नव्याने पाहावे लागते. हल्ली खेळ मवाळ झाला, जुने गडी खरे मर्द, डोके फुटले तरी मैदान सोडत नसत, असे गौरवाने सांगितले जाते. ही भाषा फार्मरच्या आठवणींतही मिसळलेली असते. वस्तुतः तिच्यात फार्मरचा गौरव मुळीच नाही. त्याची थोरवी चेंडूच्या दिशेत आणि उडीच्या वेळेत होती. मार खाण्यात नव्हती. मार खाणारे त्या काळी पुष्कळ होते आणि त्यांची नावे कोणालाही आठवत नाहीत. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस बाहेर ठेवण्याचा नियम लीगने २०२१ मध्ये केला, तेव्हाही नाके मुरडणारे होतेच.

जिलाँगच्या ज्या संघाने २००७ साली ४४ वर्षांचा दुष्काळ संपवला, त्यात मॅक्स रूक नावाचा खेळाडू होता. निर्भयपणे अंग झोकून देण्यासाठी तो प्रेक्षकांचा विशेष आवडता. याच रूकने मार्च २०२३ मध्ये, डोक्याच्या आघातांनी कायमची इजा झालेल्या खेळाडूंच्या वतीने, व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात लीगविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. दाव्याचा निकाल काय लागावा हा न्यायालयाचा प्रश्न आहे. चाहत्यांपुढचा प्रश्न निराळा आहे आणि त्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातले क्लब वर्गणी भरणाऱ्या हजारो सभासदांच्या बळावर उभे आहेत. फार्मरचे नाव निघताच ज्यांचे डोळे पाणावतात, ते बहुधा यांतलेच. सरावात डोक्याला बसणारे धक्के किती कमी केले, निवृत्त गड्यांच्या औषधोपचारांसाठी किती पैसा बाजूला ठेवला, हे क्लबच्या वार्षिक सभेत उठून विचारण्याचा अधिकार या मंडळींइतका दुसऱ्या कोणाला आहे?