उताराची गोष्ट

आमच्या घरीं १९७८ सालची येझदी आहे. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. गाडी मात्र चालते. गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या पुतण्यानें तिच्यावरून पुण्याहून पणजीस जाण्याचा बेत सांगितला, तेव्हां वहिनी रुसल्या आणि आम्हीं तर बोलणेंच सोडलें.

या टू-स्ट्रोक यंत्रास वंगण निराळें नसतें. लिटरभर पेट्रोलांत सुमारें ४० मिलिलिटर तेल मिसळावें, तेंच दट्ट्यास पोंचतें. एवढें चिरंजीवांस ठाऊक होतें. परंतु लांब उतारावर गाडी गिअरमध्यें ठेवून मूठ पुरती मिटली म्हणजे पेट्रोलाबरोबर तेलहि थांबतें आणि यंत्र मात्र चाकाच्या ओढीनें फिरतच राहतें, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आंबोली घाट उतरतांना दट्ट्या आंतल्या आंत धरला व मागचें चाक एकाएकीं जाम झालें. क्लच ओढण्याचें भान राहिलें, म्हणून मुलगा कठड्यापाशीं थांबला.

उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी फिरवावी, हें आम्ही याच गाडीवर शिकलों होतों. सांगावयास अर्धें मिनिट पुरतें. (किकचा व गिअरचा दांडा एकच, हें आम्ही येत्याजात्या पाहुण्यास सांगतों!)

तासाभरानें यंत्र निवालें आणि सुरू झालें. सावंतवाडीहून फोन आला, तो आम्हींच घेतला. चैत्रांत स्वारी गोकर्णास निघणार आहे. वहिनींचा रुसवा कायम आहे. तेलाचें माप आम्हीं त्याच्या पिशवींत घातलें आहे.