चकाकीचा घसारा

‘घसारा’ हा शब्द प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या परिचयाचा आहे. आयकराच्या हिशेबात व्यवसायाच्या मोटारीवर सर्वसाधारणपणे दरवर्षी १५ टक्के घसारा धरला जातो आणि वही तो निमूटपणे नोंदवून घेते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र घासल्याने होणारी झीज असा आहे, आणि मोटारीच्या रंगाबाबत तो अक्षरशः खरा ठरतो. दसऱ्याची वाहनपूजा जवळ आली, किंवा घरात लग्नकार्य निघाले, की मोटार ‘रबिंग-पॉलिश’ करून आणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्या चकाकीसाठी कारागिराला दिलेली मजुरी वहीत दिसते. मोटारीच्या मुद्दलातून गेलेला भाग कोठेही दिसत नाही.

हे मुद्दल म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ लिहिण्याच्या कागदाएवढी भरते. त्यातील क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन असतो. मोटारीची चमक याच थरात असते, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो.

अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या काळी हा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्याला मोटारीचाच रंग लागे, आणि आपण काय खर्च करीत आहोत हे मालकाला प्रत्यक्ष दिसे. आता जो थर झिजतो तो बिनरंगी असल्यामुळे फडके स्वच्छ राहते. खर्च होतच असतो, परंतु त्याची पावती मिळत नाही.

पॉलिश आणि मेण, अर्थात वॅक्स, ही दोन कामे बोलण्यात एकत्र येत असली तरी जमाखर्चाच्या दोन वेगळ्या बाजूंची आहेत. पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म खरखरीत कण असतात. ते ओरखड्यांच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट करतात, म्हणून चमक परत येते. पॉलिश काढून घेते. मेण वरून एक पातळ आवरण चढवते. ऊन, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मारा ते आवरण सोसते. व्यापाऱ्याच्या भाषेत पॉलिश ही मुद्दलातून उचल आहे आणि मेण हा विम्याचा हप्ता आहे. हप्ता वर्षातून अनेकदा भरावा. उचल क्वचितच करावी.

नागपुरात हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश तापमान अनुभवले आहे. इतवारी आणि गांधीबागेच्या अरुंद गल्ल्यांत मोटारीला सावली मिळणे दुर्मीळ, आणि उन्हात उभ्या गडद रंगाच्या मोटारीचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर चालणारी औष्णिक वीजकेंद्रे आहेत. कोळशाच्या राखेत सिलिकाचे कठीण कण असतात. रस्त्यावरील धुळीतही असतात. अशा धुळीवर सकाळी कोरडे फडके फिरवले की रोज नकळत थोडे पॉलिशच होते. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषांची नक्षी बहुधा याच फडक्याची देणगी असते.

हाताने करावयाचे काम कठीण नाही. त्याला सावली, थंड पत्रा आणि सवड लागते. सकाळी लवकर प्रथम पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. नंतर एका बादलीत मोटारीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. प्रत्येक वेळी फडके साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवावे. दोन बादल्यांत काम झाल्याने नळीने वाहून जाणारे पाणीही वाचते. कपड्यांची पावडर वापरू नये, ती मेणही धुऊन नेते. मोटार मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घ्यावी. पॉलिश आवश्यक वाटलेच तर जेथे रेषा दिसतात तेवढ्याच भागावर, हलक्या हाताने करावे. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो खोल आहे. घासून तो जाणार नाही, थर मात्र जाईल.

शेवटी मेण. एका वेळी एकच भाग घेऊन अगदी पातळ थर द्यावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे श्रम वाढतात. धुरकट झाल्यावर स्वच्छ फडक्याने पुसावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना ते लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. पाण्याचे थेंब पत्र्यावर गोल उभे राहात असतील तर आवरण शाबूत आहे. पाणी पसरू लागले की नवा हप्ता भरण्याची वेळ आली. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन महिन्यांतही येऊ शकते.

कोणते मेण घ्यावे, हा प्रश्न जैन घरांत केवळ चमकीचा नाही. अनेक मिश्रणांत मधमाश्यांचे मेण असते. मध वर्ज्य मानणाऱ्या घराने मेणाचा डबाही वाचूनच घ्यावा. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ९०१ हा क्रमांक मधमाश्यांच्या मेणाचा, तर ९०३ हा कार्नोबाचा असतो. मोटारीच्या डब्यावर असे क्रमांक क्वचितच आढळतात, म्हणून विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरील मेण आहे. कोरड्या उन्हात पानातील ओलावा टिकावा म्हणून वृक्षच ते निर्माण करतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, कार्नोबा ८० अंशांच्याही वर. म्हणजे येथे अहिंसेचा पर्याय नागपूरच्या उन्हालाही अधिक पुरून उरणारा आहे.

क्लिअर कोट एकदा संपला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात, आणि पुन्हा रंग देण्यावाचून उपाय राहात नाही. जुनी मोटार घेणारा जाणकार रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतो, आणि कंपनीचा मूळ रंग नाही असे दिसताच भाव उतरवतो. म्हणून पुढील दसऱ्याला गॅरेजमध्ये यंत्राने रबिंग करवून घेण्यापूर्वी गेल्या काही वर्षांत ते किती वेळा झाले, हे घरात एकदा विचारावे. आणि रोज सकाळी मोटार पुसणाऱ्या माणसाच्या हातात कोरडे, जुने फडके असेल तर दोष त्याचा नाही. त्याला बादलीभर पाणी, दोन स्वच्छ फडकी आणि आणखी दहा मिनिटे देणे हे मालकाचे काम आहे.